बारके कुठे गेले

२ मार्च
अकरा तास होडीवर. पाठीचा पार भुगा. एकाच जागी, एकाच खोलीवर आधी जाळं ओढायचं, मग पंपाने पाणी उपसून गाळायचं. कशात किती प्लवक सापडतात ते ताडून बघायचं. हे पाण्यात तरंगणारे जीव, मोठ्यातला मोठा तांदळाच्या कणीएवढा.
आमच्या संस्थेच्या संचालकांना पंप सरस ठरायला हवाय. मला जाळं. आधी बाबांनी ओढलं, आता मी ओढतेय. बाबांचा नियम – जाळं बदलायचं नाही, नाहीतर जुन्या आकड्यांशी मेळ बसत नाही.

४ मार्च
दिवसभर मोजणी. डोळे चुरचुरतात. मोठे जीव दोन्हीकडे सारखेच. बारके मात्र पंपात चौपट! पंपातच घोळ असणार.

५ मार्च
पुन्हा मोजले. चौपटच.

९ मार्च
पंपाच्या नळ्या बदलल्या, परत समुद्रात जाऊन आले. फरक नाही. संचालक म्हणाले, “मॅडम, त्या चिंधीला किती दिवस कवटाळून बसणार?”
घरी बाबांनी विचारलं, “जाळं काय म्हणतंय?” निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी आधी जाळ्याची चौकशी, मग माझी. वैताग येतो. “ठीक आहे,” म्हटलं.

१२ मार्च
जाळं खिडकीशी उजेडात धरलं. शेपटाकडे, जिथे सगळं बाटलीत गोळा होतं तिथेच, वीतभर ठिगळ. आईच्या हातचे टाके. बाबा कौतुकाने सांगायचे, तिने शिवून दिलं म्हणून. आज पहिल्यांदाच ते मायक्रोस्कोपखाली धरलं. बाकीच्या जाळ्याहून भोकं दुप्पट मोठी. बारके तिथून निसटत होते.
बाबांच्या वहीत ठिगळाची तारीख सापडली – एकोणीस वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. नेमके तेव्हापासून बारके एकदम पाव उरले. ते का कमी झाले, यावरच माझा प्रबंध! पाण्याचं तापमान, गाळ, काय काय कारणं दिली होती मी. त्यावर डॉक्टर झाले.

१३ मार्च
अहवाल लिहायला बसले, उठले. खरं लिहिलं तर माझी पदवी जाईल, बाबांची वर्षानुवर्षांची मेहनत जाईल. या वयात त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू?

१५ मार्च
सांगितलं. बाबांनी चहा संपवला. म्हणाले, “कापड विरळ आहे, हे तुझी आई तेव्हाच बोलली होती. नवं मिळेपर्यंत चालवून घेऊ म्हटलं. मग तू त्याच आकड्यांवर प्रबंध लिहायला घेतलास. तोंडच उघडवेना.”
मी अजून त्यांच्याशी बोललेले नाही.