कुणी धरलं नव्हतं

नागाव,
१२ जानेवारी २०२५

प्रिय क्रांतीताई,

"नूतन, मला कुणी धरलं नव्हतं गं." तुला कबड्डीच्या मैदानावरून उचलून घरी आणलं, तेव्हा तू एवढंच म्हणत होतीस. आज सकाळपासून ते कानात आहे, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू विषय बदलतेस.

मुरुडला सगळे बरे ना? भावोजींचा खोकला थांबला का? तुझी राही इथे माझ्याकडे मजेत आहे. कॉलेज बुडवत नाही, वालाचं बिरडं मात्र ताटात उरवते.

गेल्या पावसाळ्यात आम्हा खेळाच्या शिक्षकांचं अलिबागला शिबिर होतं. तिथे फिजिओथेरपीच्या एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, मुलींच्या गुडघ्याला मोठी इजा होते तेव्हा पुष्कळदा कुणाचा धक्कासुद्धा लागलेला नसतो. मुलगी पळता पळता वळते, नाहीतर उडी मारून उतरते. गुडघा आत पडतो आणि हाडांना बांधून ठेवणारा बंध तुटतो. ताई, त्यानंतर थोडा वेळ मला काही ऐकूच आलं नाही.

शेजारची मनुबाई तेव्हा आपल्या अंगणात काय म्हणाली होती, आठवतं? "पकड झालीच न्हाय, तर पोर पडली कशी? बाहेरचं धरलंय तिला." खेळात धरणं वेगळं आणि गावात वेगळं. समोरच्या पोरींनी धरलं नाही, म्हणजे दुसऱ्या कशानं तरी धरलं, हे सगळ्यांनी मानून टाकलं. आईनं उतारा टाकला, अंगारे लावले. डॉक्टरकडे नेईपर्यंत तुझा पाय सरळ व्हायचा राहून गेला. अजूनही मुली, तू पडलीस त्या वडाकडच्या कोपऱ्यात चढाई नेत नाहीत. का, ते कुणालाच सांगता येत नाही. संध्याकाळी फाटकाला कुलूप लावताना मीही तिकडे पाहत नाही.

शिबिरावरून आल्यापासून खेळाआधी मी मुलींकडून व्यायाम करून घेते. एका पायावर उभं राहून चेंडू झेलायचा. गुडघे टेकायचे, मैत्रिणीनं मागून घोटे दाबून ठेवायचे आणि अंग हळूहळू पुढे झुकवायचं. बाकावरून उडी मारायची ती गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून, आवाज न करता. आमची मैना विचारते, "बाई, कबड्डी खेळायचीय की शेजारच्यांचं दूध चोरायचंय?" सगळ्या खिदळतात. मी पाठ फिरवून उभी राहते आणि नुसत्या आवाजावरून कोण चुकली ते सांगते.

एकीच्या वेळी मात्र मला तिच्या पावलांचा आवाज येत नाही. तुझा गुडघा गेला त्या दिवसाचा येतो. ओल्या झावळीचा देठ मोडावा तसा.

ताई, ती राही आहे.

दिवाळीपासून येते. आधी नुसती बसायची. मग व्यायामाला उभी राहिली, मग चढाईला. मी तिला थांबवलं नाही आणि तुला सांगितलंही नाही. ती वळते तेव्हा तूच वळतेस. तीच मान, तोच खांदा. आणि दमली की उजवा गुडघा तसाच आत येतो. रोजच्या मेहनतीनं पुष्कळ सुधारलाय. पुष्कळ, पूर्ण नाही. या व्यायामानं धोका कमी होतो, संपत नाही, हे त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तुला खोटी खात्री देणार नाही.

महिनाअखेरीस जिल्हा संघाची निवड आहे. परवा जेवताना राही म्हणाली, "मावशी, आईला विचारल्याशिवाय मी उतरणार नाही. आणि तू मध्ये बोलू नकोस, तुला लगेच रडू येतं." मग ताटात बोट फिरवत म्हणाली, "पण आई नाहीच म्हणेल ना?"

मी तिला आमटी वाढली.

तू हे पत्र अर्ध्यावर ठेवशील, आणि उत्तर 'नाही'च असेल, हे मला माहीत आहे. तरी मागते. निवडीच्या आदल्या दिवशी एसटीनं ये. पोरीला उडी मारून उतरताना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि मग तिला हो म्हण.

तुझ्या उत्तराला घाबरणारी,
नूतन