राखून ठेवलेला नंबर

४ जानेवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईची सर्दी गेली, पण पाच मजले अजून जिन्यानेच चढते. लिफ्टकडे बघत नाही. माझं बरं आहे. भूक लागते, झोप लागते, मधे काहीच नसतं.

कचेरीत एक घोळ झालाय आणि तो मीच घातलाय. आमच्या चरित्रकोशात एकाच नावाच्या थोर माणसांना नंबर देतात. ज्याचं कार्ड आधी, त्याचा नंबर आधी. तुझ्या धाकट्या भावाचं नाव मी कार्डांच्या ज्या खणातून उचललं होतं, तो खण आता छपाईला चाललाय. मुख्य संपादकांनी कार्डं तपासली आणि विचारलं, बावीसनंतर एकदम चोवीस कसा?

चाळीस वर्षांत माझी चूक निघाली नव्हती. ही चूक नव्हतीच म्हणा. तो जन्मला त्या आठवड्यात खणात बावीस जण होते. त्यात पूल बांधणारा होता, पैलवान होता, तीन कवी होते. गमतीने मी तेवीस नंबर त्याच्यासाठी अडवून ठेवला. त्यालाही ठाऊक होतं. गणितात नापास झाला तेव्हा ऐटीत म्हणाला होता, "माझी जागा राखीव आहे, बाबा. घाई कसली?"

संपादक म्हणतात, महिनाअखेरीपर्यंत तेविसावा माणूस आणा, नाहीतर पुढचे नंबर सरकवा. मी त्याचं कार्ड लिहायला घेतलं. नाव, जन्म, व्यवसाय लिफ्ट कारागीर. मृत्यूच्या रकान्यापाशी हात थांबला. ताई, आमच्या कोशात जिवंत माणसाला घेत नाहीत. जागा अडवली तेव्हाही हा नियम मला तोंडपाठ होता.

काय करू ते तूच कळव. तुझ्यावर लोभ आहेच.

तुझे बाबा

११ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तो पडून गेला तो तुम्ही अडवलेल्या नंबरामुळे नाही. दोर जुना होता आणि तो नेहमीसारखा अधांतरी लटकून लिफ्टचं काम करत होता. हे तुम्हाला कळतं, तरी लिहिते.

तुमचा नियम त्यालाही माहीत होता. मला एकदा म्हणाला, "त्या पुस्तकात मेल्याशिवाय शिरता येत नाही. मी आपला मागच्यांना पुढे जाऊ देतो." तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता आठवलं, पण हसू आलं नाही की रडूही. याचीच मला भीती वाटते. दिवसभर औषधांच्या खिडकीत पुड्या बांधते, सुट्टे पैसे देते. आमच्या दवाखान्याची लिफ्ट त्यानेच दुरुस्त केलेली. आत तपासणीचा कागद आहे, त्यावर सगळ्यात खाली त्याची सही. रोज चार वेळा तिच्यासमोर उभी राहते आणि काहीच वाटत नाही.

पुढच्यांना सरकू द्या, बाबा. कार्ड मात्र फाडू नका. आईला जपा, स्वतःलाही.

तुमची ताई

२९ जानेवारी

चि. ताईस आशीर्वाद.

काल चोविसाव्याला तेवीस केलं. तो कुठलासा नकाशे काढणारा होता. त्याला एकतीस वर्षं उगाच थांबवलं. सगळे आठ जण एकेक जागा पुढे आले. संपादकांनी माझ्यासाठी चहा मागवला.

धाकट्याचं कार्ड सोबत पाठवतो. नंबर खोडलाय. मृत्यूचं साल आणि कार्याचा रकाना कोरे आहेत. तू लिही. माझ्या हाताने ते होत नाही.

आईचाही तुला आशीर्वाद. पत्राची वाट पाहतो.

बाबा

६ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

कार्ड पोचलं. चार दिवस पर्समध्ये होतं.

आज लिफ्ट तपासायला नवा कारागीर आला. त्याने कागदावर सही केली, धाकट्याच्या सहीखाली. मग मला म्हणाला, "आधीच्या माणसाचं काम पक्कं आहे. मला काहीच करावं लागलं नाही."

मी वर जायला निघाले आणि दोन मजल्यांच्या मधे रडू फुटलं. लिफ्ट थांबली नाही, बाबा. सरळ वर घेऊन गेली.

कार्डावर मी साल लिहिलं. कार्याच्या रकान्यात लिहिलं: चालू आहे.

आईला एकदा इकडे आणा, या लिफ्टने वर नेऊ. मी सोबत उभी राहीन. दोघांना नमस्कार.

ताई