धाकटीचे डोळे

२० ऑगस्ट, बुधवार
गौरींच्या मुखवट्यांची पेटी उघडली. थोरली ठणठणीत. धाकटीच्या नाकाचा रंग पोपड्यासकट हातात आला, खालचा कागदाचा लगदा उघडा. सासूबाई म्हणाल्या, "भंगलेली बसवत न्हाईत. नदीला सोडू, बारामतीवरनं नवी आणू."
मी म्हटलं, आणायची नाही. लग्न होऊन लासुर्ण्यात आले त्याच वर्षी त्यांनी वाटणी केली होती, थोरली माझी, धाकटी तुझी. तेव्हापासून हिची साडी, हिची नथ माझ्याकडं. अशी सोडणार नाही तिला.
सा.बा.ची अट एकच. आवाहनाच्या दिवशी डोळे लख्ख पाहिजेत, नाहीतर नवी.

२२ ऑगस्ट, शुक्र.
इंदापूर. जेल मीडियमची एकच डबी शिल्लक होती, उचलली. भेटकार्डांवर चिकटवायला, चकाकी द्यायला वापरते तेच. नाकावर टिश्यू पेपरचे तुकडे जेलनं चिकटवले, एकावर एक. हे म्हणाले, "देवीची मलमपट्टी चाललीय का?" चाललीय.

२५, सोम.
नाक बसलं. घासलं, ॲक्रिलिक रंग दिला. थोरलीशेजारी धरून बघितलं तर ही पिवळी पडलेली. पुन्हा रंग कालवला. आता बहिणी दिसतात.

२७, बुध.
गणपती बसले. दुपारी डोळे काढले. वर जेलचा जाड थर, पाणीदार दिसावेत म्हणून. ओलं असताना दुधासारखं, वाळलं की काचेसारखं. हे सा.बा.ना आधी सांगायचं राहिलं. बघून म्हणतात, "अगं बाई, हिला बी मोतीबिंदू." त्यांचं स्वतःचं ऑपरेशन दिवाळीनंतर. हसू आलं, दाबलं.

२९, शुक्र.
अजून पांढरंच. हवा दमट, मान्य, पण एवढं?
मग कळलं. येण्याआधी गौरीचं तोंड कुणी बघू नये म्हणून सा.बा.नी फडक्यात गुंडाळलेली, आणि आत प्लॅस्टिकची पिशवी, गाठ मारून. वारा जाणार कुठनं? फार राग आला.
"झाकायची रीत हाय."
"आत्या," मी सा.बा.ना म्हटलं, "तिला वारा पायजे."
बराच वेळ ताणलं दोघींनी. शेवटी ठरलं, तोंड भिंतीकडं, बाजूनं टेबलफॅन.

३०, शनि.
डावा डोळा उघडला! बुबुळ ओलं असल्यासारखं चमकतंय. उजवा दुधी. तिकडं थर जास्त पडला, चूक माझी. खरवडावा वाटलं, पण खालचा डोळाच निघून यायचा. हे बारामतीहून नवा मुखवटा घेऊन आले. "असू दे घरात." खोक्याला मी हात लावला नाही.

३१, रवि. सकाळ
आज आवाहन. उंबऱ्यापासून गौरीची पावलं काढली. आत आले तर लाईट गेलेली, फॅन बंद. सा.बा. धाकटीला मांडीवर घेऊन पुठ्ठ्यानं वारा घालतायत. तोंड भिंतीकडं नाही, त्यांच्याकडं.
"आत्या, बघू नये म्हणता ना?"
"मला कुठं धड दिसतंय. तू सांग, उघडला का?"
कोपऱ्यात अजून पांढरं आहे. तेच सांगितलं.
"संध्याकाळपातुर येळ हाय," म्हणाल्या, हात थांबला नाही. तो पुठ्ठा नव्या मुखवट्याच्या खोक्याचं झाकण होतं. मी धाकटीची नथ पुसायला घेतली.