वादळाची तिसरी इच्छा

३ मार्च, सोमवार
विचारून टाकलं! काल प्रवचनात महाराज म्हणाले — बायकोच्या मनातल्या इच्छा नवऱ्याने पुरवाव्यात. मन रिकामं झालं की ती आपोआप त्याच्यामागून देवाकडे चालू लागते. मला फार पटलं. पहाटे जपाला मी एकटाच बसतो. मागे तीही बसावी, एवढंच माझं मागणं.

म्हणून जेवताना विचारलं, "तुझी काही इच्छा राहिली आहे का गं?"

घास तसाच हातात. "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलं तुम्हाला?"

काही नाही, देवाशपथ, म्हणालो. तेव्हा हसत सुटली. उचकी लागेपर्यंत!

४ मार्च, मंगळवार
पहिली इच्छा आली. "अगं-अगं पुरे झालं. माहेरी मला वादळ म्हणायचे. तसं म्हणा."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि हे मला आज कळतंय! दुकानात चष्म्याच्या काचा घासताना पुटपुटत सराव केला. मालकांनी वाकून आभाळ पाहिलं आणि बाहेरची पाटी आत घेतली.

६ मार्च, गुरुवार
म्हटलं. दारातूनच, मोठ्याने. ती लाजली. मीही. पन्नाशीला आलो!

१६ मार्च, रविवार
दुसरी — स्कूटर! मेव्हण्याने आपली जुनी आणून दिली. "दाजी, ताईला आधी ब्रेक दाखवतो." मला कुठे येते चालवायला? शाळेमागच्या मैदानात तो सांगत होता, ती चालवत होती, मी उगाच मागून धावत होतो. चप्पल तुटली. ती ओरडतेय — "अहो, बाजूला व्हा, वादळ येतंय!" इतका हसलो की कुंपण धरून उभा राहिलो. जप राहिला आज. देव रागावला नसावा. तोही त्याच कुंपणावर पाय हलवत बसला असणार.

२३ मार्च, रविवार
तिच्या मागे बसून बाजारात गेलो. डोळे घट्ट मिटून नाम घेतलं. इतकी एकाग्रता पाटावर कधी लागली नाही!

२८ मार्च, शुक्रवार
संध्याकाळी गणवेश शिवता शिवता तिने मशीन थांबवलं. "नदीपलीकडच्या आश्रमात जाऊन राहायचंय. एकटीने."

"मी येतो की."

"नको. देवळात कायम तुमच्यामागे उभी राहिले. तुमची पाठच दिसली हो. देव बघायचा राहिला."

राग नव्हता. चेहरा नुसता फुललेला.

"परत कधी येशील?"

"मन भरेल तेव्हा."

महाराजांना विचारावं का? पण ते इच्छा पुरवा म्हणाले. अमुक एक पुरवू नका, असं काही म्हणाले नाहीत. "जा, वादळ," म्हटलं. तिने माझ्या गालाला हात लावला — दार सताड उघडं असताना!

३० मार्च, रविवार
गेली. नाक्यापर्यंत मला मागे बसवून नेलं, उतरवलं, आणि हॉर्न वाजवत वळली.

मला वाटायचं, आपल्याला कसली इच्छाच नाही. आज माळ हातात घेतली आणि कान नाक्याकडे लागले.