फाटकाच्या आतल्यांसाठी

मी, खाली सही करणारी, बाटल्यांच्या कारखान्यातली निवृत्त तपासनीस आणि तिथल्या कामगार संघटनेची माजी सरचिटणीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण डोकं फिरल्याची माझ्या धाकट्या भावाला फार दिवसांपासून खात्री आहे.

एक. नदीच्या अलीकडच्या काठावरचं, स्वकमाईचं दोन खोल्यांचं घर मी संघटनेला देते. अट एवढीच, की दरवर्षी गुप्त मतदानाने पदाधिकारी निवडावेत. ज्या वर्षी फळ्यावर 'सर्वानुमते बिनविरोध' असं लिहाल, त्या वर्षी घर शेजारच्या पाळणाघराला जाईल. तिथली पोरं निदान उघड भांडतात.

दोन. भावाविषयी. दंगलीच्या आठवड्यात दोन्ही काठांचे शूरवीर एकमेकांना घराघरांतून शोधून मारत होते. आमचा मालक, आत कामगार असताना, फाटकाला बाहेरून कुलूप घालून सासुरवाडीला पळाला. आत दोन्ही काठांची माणसं. काचेची भट्टी थंडावली की तडकते, आणि मग कारखाना कायमचा बंद. "बाई, ही विझली तर आपण सगळेच विझलो," मुख्य भट्टीवाला म्हणाला. तो पलीकडचा. मी सभा घेतली आणि चिठ्ठ्या टाकून मत घेतलं: कोणालाही बाहेरच्यांच्या हाती द्यायचं नाही, आणि भट्टीच्या प्रत्येक पाळीला दोन्ही काठांची माणसं ठेवायची. ठराव जेमतेम पास झाला. हरलेल्यांनीही पाळ्या केल्या. लोकशाही समजून घ्यायला येणाऱ्या विद्वानांना मी एवढंच सांगते. ते हिरमुसून जातात.

मग जमाव आला. सगळ्यात पुढे माझा भाऊ.

"ताई, पलीकडच्यांना बाहेर काढ! तुला कोणी हात लावणार नाही."

"आत फक्त कामगार आहेत," मी फाटकाच्या सळ्यांमधून म्हणाले. "तुला व्हायचं असेल तर ये, भट्टीला माणसं कमी पडतायत."

कामाचं नाव काढताच तो नेहमीच चिडतो. त्याने दगड मारला. माझा डावा डोळा गेला. जमाव थोडा वेळ ओरडला आणि बाजार लुटायला निघून गेला. तिथे तत्त्वनिष्ठेला भाव चांगला होता.

मालक परतला, पेटती भट्टी पाहून डोळे पुसले, आणि आम्हा सगळ्यांना त्या आठवड्याचं गैरहजर लावलं. त्यावर संप केला, दोन्ही काठांनी मिळून, आणि जिंकला. शांततेचा पुरस्कार अर्थातच मालकाला मिळाला. भाऊ हल्ली शांतता समितीचा अध्यक्ष आहे. त्याने मला दिलेलं समितीचं मानपत्र त्याला परत करावं. त्यात माझ्या डोळ्याचा उल्लेख 'किरकोळ अपघात' असा आहे.

तीन. माझ्या अंत्ययात्रेत कोणत्याही पक्षाचा झेंडा नको. भावाला भाषणाची उबळ आलीच, तर त्याने त्या दिवशी फाटकाबाहेर दिलेल्या घोषणा जशाच्या तशा म्हणून दाखवाव्यात.

चार. बँकेतली बचत, हातमोजे आणि तपासणीचा दिवा भाचीला, म्हणजे भावाच्याच मुलीला. ती बाटल्या खोक्यात भरायच्या खात्यात आहे आणि बापाला न विचारता संघटनेत आली. एका डोळ्यानेही तडा दिसतो, हे तिला मी शिकवलं आहे.

पाच. आधीच्या मसुद्यात घर भट्टीवाल्याच्या नावे होतं. त्याने हात जोडले.

"नको, बाई. तुमचा भाऊ बोंब मारेल, पलीकडच्यांनी म्हातारीला फसवून घर लाटलं."

"मारू दे. त्याला दुसरं येतं काय?"

"घर संघटनेला द्या. मला साक्षीदार करा."

वकीलबाईंनी बजावलं, की साक्षीदार झालात तर या कागदातून तुम्हाला दमडी मिळता कामा नये.

"नकोच आहे," तो म्हणाला. "उद्या हा कागद खोटा म्हणून तो कोर्टात गेला, तर पिंजऱ्यात मला बोलावतील ना? बहीण-भावाचं वाकडं का, असं विचारतील ना? दगड कोणी मारला ते मला एकदा शपथेवर सांगायचंय. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही."

म्हणून पहिलं कलम बदललं. भावाने या मृत्युपत्राला कोर्टात जरूर आव्हान द्यावं, ही माझी शेवटची इच्छा आहे.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: निवडणुकीच्या निकालाचा दुसरा दिवस. जिंकलेल्यांचे फटाके अजून चालू आहेत.

लिहून ठेवणार: (सही) संघटनेच्या बाई

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. (सही) डॉक्टरीणबाई, अलीकडचा काठ
२. (सही) मुख्य भट्टीवाला, निवृत्त, पलीकडचा काठ. बोलावलं की येईन.