केस चालू असेपर्यंत

८ फेब्रुवारी १९९९, भिंगार

सुखरूप पोहोचले, आणि चक्क खुशीत. एसटीत खिडकीची जागा, सुप्याला गरम भजी, शेजारी घोरणारं कोणी नाही. साठीनंतर याहून जास्त मागू नये. कंपनीने एका निवृत्त सुभेदारांच्या घरावरची खोली घेऊन दिली आहे. खोली स्वच्छ, खिडकी पूर्वेला. पहाटे लष्कराचं बिगुल ऐकू येईल, असं सुभेदारीणबाईंनी सांगितलं, जणू ते भाड्यातच धरलेलं आहे.

पुण्यात वकिलांच्या कचेरीत मी जन्मभर कागद सांभाळले. निवृत्त बाईला कोणी विचारत नाही, अशी माझी समजूत होती. पण आमच्या जुन्या साहेबांचा फोन आला. नगरच्या एमआयडीसीतल्या एका बॉयलरच्या कारखान्याला ई-मेल जपून ठेवणारं आणि हवा तेव्हा शोधून देणारं सॉफ्टवेअर निवडायचं आहे. चाचणी चालू असताना बॉयलर फुटला आणि रंभाजी नावाचा फोरमन वाफेत भाजून गेला. त्याच्या बायकोने लेबर कोर्टात दावा लावला आहे. परदेशी गिऱ्हाइकानेही दम दिला आहे की अपघाताविषयीचा एकही मेल नाहीसा होता कामा नये. निवड बाहेरच्या माणसाने करायची. ते बाहेरचं माणूस मी.

गेल्या वर्षी छातीने एकदा इशारा दिला होता. डॉक्टर म्हणाले, दगदग नको. कॉम्प्युटरसमोर बसण्यात कसली आली आहे दगदग?

९ फेब्रुवारी

कारखाना पाहिला, माणसं पाहिली, खुशी उतरली.

मालक आप्पासाहेब. पांढरा सफारी, बोटांत खडे, टेबलावर हार घातलेला कॉम्प्युटर. हार घातलेला, कारण तो कधी सुरू केलेलाच नाही. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की स्वस्तातलं घ्या, तीन महिन्यांनी जुने मेल आपोआप गळून पडतील असं. बाई, घरात आपण रद्दी साठवतो का? मी म्हटलं, माझ्या घरात रद्दी निघते, मेलेली माणसं नाहीत. त्यानंतर माझी खुर्ची गेली आणि तिथे स्टूल आलं. चहा आला तो गार, वर साय. पाठीमागे मला 'पेन्शनर मड्डम' म्हणतात. म्हणोत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटच्या पट्टीखाली वाढलेल्या मुलीला स्टुलाची भीती वाटत नाही.

इथली पद्धत मात्र लिहून ठेवण्यासारखी. साहेब ई-मेल लिहीत नाहीत, सांगतात. कारभारी नावाचा जुना टायपिस्ट तो स्वतःच्या खात्यावरून धाडतो. आलेला मेल छापून आत नेतो, साहेब त्यावर शेरा मारतात, शेऱ्याचा पुन्हा मेल होतो. कारभारी टायपिंग क्लासच्या सवयीने प्रत्येक मेलच्या तळाशी 'आ.सा./का.' टाकतो, म्हणजे सांगणारे आप्पासाहेब, टंकणारा कारभारी. हे कशासाठी, म्हणून विचारलं, तर लाजून म्हणाला, मॅडम, त्याशिवाय पत्र नागडं वाटतं.

१२ फेब्रुवारी

तीन कंपन्यांनी सॉफ्टवेअर आणून दाखवलं, तिन्हींची परीक्षा घेतली. कारभारीला काही मेल मुद्दाम पुसायला लावले आणि म्हटलं, आणा परत. पहिल्याने हात वर केले. दुसऱ्याने आणले, पण तारखांचा काला करून. तिसरं घेऊन पुण्याचा सचिन नावाचा तरुण आला होता, टाय गळफासासारखा आवळलेला. त्याच्या सॉफ्टवेअरने पुसलेलं सगळं जसंच्या तसं समोर ठेवलं.

शिवाय त्यात 'होल्ड' आहे. खटल्यातल्या माणसाच्या नावावर होल्ड टाकला की त्याचं काहीही पुसलं जात नाही, मालकाने म्हटलं तरी नाही. नाव बदलता येतं, पण केस चालू असेपर्यंत होल्ड रिकामा राहत नाही. एक नाव काढलं तर दुसरं द्यावंच लागतं. मी विचारलं, ही अट कशाला? सचिन म्हणाला, मॅडम, रिकामा राहिला तर कोणीही गुपचूप साफ करेल. मी त्याला शाबासकी दिली. अशा अक्कलहुशारीने केलेली वस्तू फार दिवसांत पाहिली नव्हती. हेच घ्यायचं.

१५ फेब्रुवारी

फाटकाशी रंभाजीची बायको बनुबाई आली होती. कर्जतकडच्या वस्तीवरून पहाटेच्या गाडीने. वॉचमनने तिला भर उन्हात उभं केलं होतं. सावली हातभर अंतरावर होती. वॉचमनला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बनुबाई रडली नाही. म्हणाली, "त्यांनी त्या मशीनवर लिवलं हुतं बाई. एका बोटानं लिवायचे, लई कौतुक हुतं त्याचं. घरी येऊन मला सांगितलं हुतं, मी कळवलंय म्हनून. ते पुसू दिऊ नका. काय बी पुसू दिऊ नका."

मी शब्द दिला. वर येऊन, सचिनने बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या होल्डमध्ये रंभाजीचं नाव टाकलं. पडद्याने विचारलं, फक्त मेल राखायचे, की संबंधित सर्व काही? अर्धवट काम मी आयुष्यात केलेलं नाही. सर्व काही.

लगेच मेल वर आला, अपघाताच्या आदल्या दिवसाचा. रोमन लिपीतलं मराठी: 'व्हॉल्व अटकतोय. टेस्ट थांबवा. मानसं जवळ हायत.' त्याखाली कारभारीच्या खात्यावरचं उत्तर: 'चाचणी चालू ठेवा. माल महिनाअखेर निघालाच पाहिजे.' आणि तळाशी, सवयीने, 'आ.सा./का.'

ती तीन अक्षरं आप्पासाहेबांना पुरून उरतील. रात्री छान झोपेन.

१७ फेब्रुवारी

कॅन्टीनवाल्याची तक्रार. टेस्ट शॉपमध्ये, म्हणजे अपघात झाला त्या चाचणीच्या शेडमध्ये, चहाचा एक ग्लास रोज जास्त संपतो. रंभाजीचा बिनसाखरेचा. तो कोणी भरत नाही, पण रिकामा परत येतो.

टेस्ट शॉपच्या फरशीला अपघातानंतर नवा लाल रंग दिला होता. आज त्या रंगातून माणसाएवढा डाग वर आला आहे. फरशी पुसली, घासली, रॉकेल टाकलं. मी स्वतः हात लावून पाहिला. डाग ओला आहे आणि कोमट आहे.

ओल झिरपत असेल. नगरमध्ये, फेब्रुवारीत? कसली ओल?

१९ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीनंतर टेस्ट शॉपमधून शिट्टी आली. वाफेची. आधी बारीक, मग कान फाटेल अशी. बॉयलर पेटवलेला नव्हता. बॉयलर तिथे नाहीच, तुकडे पोलिसांनी नेले. सगळे कामगार बाहेर पळाले आणि आंब्याखाली उन्हासावलीत एकमेकांना चिकटून उभे राहिले. शिट्टीच्या शेवटी एक आवाज आला. तो वाफेचा नव्हता.

आप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत मला सुनावलं, की ही म्हातारी आली आणि कारखान्याला पनवती लागली. कामगार माझ्याकडे असे बघत होते की मी पायरी उतरले नाही.

२० फेब्रुवारी

काल आप्पासाहेबांनी कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर पुसायला लावलं. सचिन स्वतः पुसून डिस्क घेऊन गेला. आज सकाळी कॉम्प्युटर चालू, होल्ड जागेवर, रंभाजीचं नाव जागेवर. प्लग भिंतीत नव्हता.

शिट्टी आजही. त्याच वेळी.

२२ फेब्रुवारी

बनुबाई पुन्हा आली. या वेळी वॉचमनने अडवलं नाही. तिच्याकडे पाहून बाजूला झाला.

म्हणाली, ते घरी आलेत. चार दिवस झाले. भिंतीकडं तोंड करून बसतात. जेवत नाहीत. अंगाला हात लावला तर कातडं हाताला येतं, आणि परत जागच्या जागी जातं. "रोज दुपारी त्यास्नी पुन्यांदा भाजतंय बाई. रोज. मरनबी येत न्हाई. म्या म्हनले हुते काय बी पुसू नका, पर आसं न्हाई. सोडा त्यास्नी. म्या केस मागं घेते. मला पैसा न्हाई पायजे, काय न्हाई पायजे."

केस मागे घेतली की होल्ड सुटेल. रंभाजीही सुटेल. आणि आप्पासाहेब संध्याकाळी पेढे वाटतील.

मी म्हटलं, थांब, थोडे दिवस दे मला. ती जायला वळली. मग म्हणाली, तुमास्नी दिस हायत बाई. त्यास्नी न्हाईत.

इतकं खरं मला आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

स्वतः टेस्ट शॉपमध्ये गेले. जेवणानंतर, लख्ख उजेडात. ऐकीव गोष्टीवर मी कधी सही केली नाही.

तो उभा होता. पाठमोरा. शर्ट पाठीला चिकटलेला. समोर काही नाही, तरी दोन्ही हातांनी व्हॉल्व फिरवत होता. मी नावाने हाक मारली. शिट्टी सुरू झाली. तो वळला —

लिहिणार नाही.

पळता पळता ऐकू आलं, तो सगळ्यांना सांगत होता, लांब व्हा. लांब व्हा. अजून.

२४ फेब्रुवारी

दोन्ही मेल छापले. प्रिंटर करकरत होता आणि दाराशी आप्पासाहेब. त्यांनी कागद ओढला, तळाची अक्षरं पहिल्यांदा वाचली, आणि फाडला. प्रिंटरमधून तोच कागद पुन्हा आला. पुन्हा फाडला. पुन्हा आला. ते मागे सरत सरत जिन्यापर्यंत गेले.

कागदांवर सही केली, बनुबाईच्या वकिलाच्या हातात दिले. त्याला सांगितलं, बाईने केस मागे घेते म्हटलं तरी एक दिवस ऐकायचं नाही.

आता रंभाजी.

२५ फेब्रुवारी

रंभाजीचं नाव काढायला गेले. पडदा म्हणतो, दुसरं नाव द्या.

दिलं. आनंदाने दिलं. आप्पासाहेबांचं पूर्ण नाव, वडिलांसकट.

असा कोणी इसम नाही.

पुन्हा दिलं. असा कोणी इसम नाही. खरंच आहे. त्यांनी जन्मात कळ दाबलेली नाही. या प्रकरणात ज्यांच्या हातून मेल गेला तेवढेच इथे आहेत. यादीत दोन नावं. कारभारी. आणि पुण्याच्या जुन्या साहेबांना रोज मेलने अहवाल धाडणारी मी.

कारभारी मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, मॅडम, मी फक्त टाइप केलं हो. मुलीचं लग्न आहे. मी फक्त —

त्याला बाहेर जायला सांगितलं. चिडून सांगितलं. त्याच्यावर नाही.

बाहेर शिट्टी सुरू होत होती.

माझं नाव दिलं. साळवे, ग्रेस. एंटर.

शिट्टी मध्येच थांबली.

२६ फेब्रुवारी

बनुबाईचा निरोप. भिंतीपाशी कोणी नाही. तिने काल आंघोळ केली आणि झोपली.

टेस्ट शॉपची फरशी कोरडी.

मला काही झालेलं नाही. उगाच घाबरले. जिना चढताना छातीत कळ आली तेवढीच. डाव्या हातापर्यंत.

२७ फेब्रुवारी

कळ थांबत नाही. वाढतही नाही. तीच.

सुभेदारांनी मिलिटरी हॉस्पिटलातले ओळखीचे डॉक्टर आणले. त्यांनी मनगट धरलं. मान धरली. नळी लावली, काढली, स्वतःच्या छातीला लावून पाहिली, पुन्हा मला. मग उठले. जिन्यात सुभेदारांना विचारत होते, ही बाई बोलते कशी?

१ मार्च

पुण्याला जायला एसटीत बसले. खिडकी मिळाली. सुपा आलं. डोळे उघडले तर स्टूल. समोर पडदा.

परवाचं पान फाडून टाकलं होतं. वहीत आहे.

३ मार्च

आज तारीख होती. वकिलाचा फोन आला, कागद कोर्टात दाखल झाले. न्यायाधीशांनी ती तीन अक्षरं मोठ्याने वाचली. जिंकणार बनुबाई. नक्की जिंकणार.

पुढची तारीख जुलै.

आप्पासाहेब मुद्दाम स्टुलापाशी आले. कारभारीने त्यांना सगळं सांगितलेलं दिसतं. वाकून, अगदी प्रेमाने म्हणाले, बाई, घाई नाही. आमचे वकील तारखा घेण्यात पटाईत आहेत. जुलै, मग दिवाळी. मग लेबर कोर्टाच्या वर हायकोर्ट आहे. तुम्ही बसा.

बनुबाईला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती केस मागे —

नाही.

कळ. तीच. तिला शेवट असतो, असं वाटायचं —

आज कोणता दिवस?

कारभारी चहा ठेवून गेला. गरम. साय काढलेली. मॅडम, खुर्ची आणू का, म्हणाला. लग्नाची पत्रिका ठेवली आहे. रडत होता.

पडद्यावर यादी. मी उघडली नव्हती. माझ्या नावाखाली कारभारीचं नाव अजून आहे. मी बघत नाही

बघितलं

तो चांगला माणूस आहे. फक्त टाइप केलं. फक्त एक कळ, मीही फक्त टाइप

सिस्टर बर्नाडेट, माझा हात धरा, तो एंटरच्या कळीवर जातोय, मी नाही, मी उचललेला ना