दोन स्माराग्दा, एक कार्ड

८ मार्च २०१३, शुक्रवार

क्रिएटिनीन ६.४. पुन्हा लावलं — ६.४. पोटॅशियम ५.९.

कार्डाला त्याच बाईचा जानेवारीचा तपासणीचा कागद टाचलेला आहे — ०.९, अगदी नॉर्मल. स्माराग्दा हारितिदू, जन्म १९५९. सहा आठवड्यांत मूत्रपिंडं अशी बसली, तर माणूस स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येत नाही. ही आली होती. सोमवारी मीच रक्त घेतलं. उंच बाई. पायावर सूज, बोट दाबलं की खळगा तसाच राहणारी.

या मोफत दवाखान्याचे नमुने मी नोकरी करते त्या लॅबमध्ये शुक्रवारी लागतात, मशीन रिकामं झाल्यावर. आठवड्याला वीस फुकट, असं मालकांशी ठरलंय. सीरम मी सोमवारीच वेगळं करून गोठवलं होतं, म्हणजे दोष तिथेही नाही.

काल डॉक्टर प्रोद्रोमोसनी तिला तपासलं. हातात जानेवारीचाच कागद होता. मी शेजारच्या टेबलावर होते. “सोळा वर्षांच्या पोरीची मूत्रपिंडं आहेत तुझी!” म्हणाले. “दिवसभर उभी राहतेस, म्हणून पाय सुजतात.”

तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

९ मार्च, शनिवार

मशीन ठीक. कार्डावरच्या नंबरावर फोन लावला.

“हारितिदूबाई? पायाची सूज कशी आहे?”

“कसली सूज? मी ठणठणीत आहे, पोरी! रक्तदाबाच्या गोळ्या आल्या का ते सांग.”

“सोमवारी रक्त दिलंत ना?”

“जानेवारीत दिलं की! आता दर महिन्याला काढणार? त्यापेक्षा डास परवडले!”

फोन ठेवला. सोमवारच्या बाईचा आवाज पातळ होता. हा जाड.

बायका दोन आहेत.

११ मार्च, सोमवार

एवांथियाबाई निवृत्त शिक्षिका. कार्डांची पेटी त्यांच्या ताब्यात — दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही. विचारलं.

“स्माराग्दा? ती बुटकी ना?”

“बुटकी कुठली!” डॉक्टर आतून ओरडले. “दारातून वाकून आली!”

“चष्मा बदला, डॉक्टर.”

“तुम्ही खुर्ची बदला, बाई! बसून बसून सगळेच बुटके दिसायला लागलेत तुम्हाला.”

मग बाईंनी कपाळावर हात मारला. “आजीचं नाव!”

दोन भाऊ, लाझारोस आणि योर्दानिस. दोघांनाही एकाच वर्षी मुलगी झाली. पहिली मुलगी म्हणजे आजीचंच नाव, यात विचार करायचा प्रश्नच येत नाही. नाव एक, आडनाव एक. कुठल्याही कचेरीत बापाचं नाव विचारतात, तिथे त्या वेगळ्या होतात. आम्ही विचारत नाही. दवाखाना सुरू झाला तेव्हा आम्हा स्वयंसेवकांच्या सभेनेच ठरवलं — बापाचं नाव पोलीस विचारतात, इथे फक्त माणूस बघायचा. उंच स्माराग्दा आली, नाव आणि साल सांगितलं, बाईंनी पेटीतून बुटकीचं कार्ड काढलं: “हे काय, आहे की तुमचं!” ती बिचारी कशाला नाही म्हणेल?

“आमच्या घरात चार एवांथिया आहेत,” बाई म्हणाल्या. “मला कळायला नको होतं?”

हवंच होतं.

त्यांनी बुटकीला फोन केला. उंच स्माराग्दाचा पत्ता तिला ठाऊक नाही. दोघी नऊ वर्षं बोलत नाहीत. आजीने लिहून ठेवलं होतं, ‘शिलाईचं मशीन माझ्या स्माराग्दाला.’ कोणत्या, ते लिहिलं नाही! बुटकी जवळ राहत होती, तिने उचलून आणलं. “ख्रिसूपोलीकडे शेतात शतावरीचे कोंब खुडत असेल” — एवढंच सांगितलं.

१२ मार्च, मंगळवार

कामावरून थेट ख्रिसूपोली. सात शेतं पाहिली. नाही.

बस चुकली. स्टँडवर उभी न राहता पुढच्या गावापर्यंत चालत गेले. पोटॅशियम चढायचं थांबत नाही, मी का थांबू?

१३ मार्च, बुधवार

सभा. मी ठराव मांडला: प्रत्येक कार्डावर बापाचं नाव. तीन मिनिटांत मांडला, दीड तास चालला. कुणी म्हणे, आज बापाचं नाव, उद्या बोटांचे ठसे. एका गृहस्थांनी सुचवलं, बापाचं नको तर आजीचं विचारा. आजीचं! दोघींची आजी एकच आहे, म्हणून तर हे झालं!

मतदानाआधी एवांथियाबाई उठल्या. “चूक माझी आहे,” म्हणाल्या, आणि हात वर केला — ठरावाच्या बाजूने. बापाचं नाव न विचारण्याचा दोन वर्षांपूर्वीचा ठराव त्यांचाच होता. माझा मंजूर झाला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या मूत्रपिंड विभागप्रमुखांना गाठलं. तिच्याकडे विमा नाही, पण कागदावर ‘तातडीचं’ लिहिलं की विम्याचं पुस्तक मागत नाहीत. पलंग मंगळवारपर्यंत धरून ठेवणार. त्यापुढे नाही.

१४ मार्च, गुरुवार

सापडली. डॉक्टरांच्या गाडीतून गेलो. पाटाजवळची शेड, आठ बायका कोंब निवडून जुड्या बांधत होत्या. ती टोकाला, उलट्या क्रेटवर बसलेली. बुटांच्या नाड्या सोडलेल्या — पाय मावत नाहीत.

“डॉक्टर! तुम्ही इथे?” चेहरा उजळला. मग बायकांना — “हेच ते, सोळा वर्षांची पोर म्हणाले मला!” त्या हसल्या. शुक्रवारी तिने सगळ्यांना हलवा वाटला होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलले. ६.४, ५.९, डायलिसिस, पलंग तयार आहे. क्रमाने, स्पष्ट.

“मग ते आधीचे आकडे कुणाचे?”

“तुमच्या चुलत बहिणीचे.”

एकाचे आकडे दुसऱ्याला सांगायचे नसतात. पहिल्या वर्षी शिकवतात. पण विचारलेल्या प्रश्नाचं मी अचूक उत्तर दिलं!

तिने हातातल्या जुडीची दोरी आवळली.

“आजीचं मशीन तिला,” म्हणाली, “मूत्रपिंडं पण तिलाच. वा!”

“बाई, हे थांबणारं नाही. हृदय बंद पडू शकतं.”

“हंगाम सहा आठवड्यांचा असतो, पोरी. आत्ता उठले तर माझ्या क्रेटवर उद्या दुसरी बसेल. गेल्या गुरुवारी एक सांगितलंत, या गुरुवारी दुसरं. पुढच्या गुरुवारी या, तिसरं घेऊन.”

डॉक्टर तिच्यापुढे खाली बसले, या वयात. “माझं चुकलं गं, माझी जीभ झडो.”

“राहू द्या हो. आठ दिवस छान गेले,” ती म्हणाली.

उठली नाही.

१५ मार्च, शुक्रवार

बुटकी गोळ्या न्यायला आली. मी तिला बाजूला घेतलं. तुमचा आकडा मी परवानगीशिवाय तुमच्या बहिणीला सांगितला, माझी चूक, म्हटलं.

“योर्दानिसच्या पोरीला? माझा? का?” मग सावकाश — “किती होता माझा?”

“०.९. चांगला आहे.”

“आणि तिचा?”

मी उत्तर दिलं नाही. या वेळी तरी नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चेहरा कोरा ठेवू शकते, सगळे म्हणतात.

“इतका वाईट?”

“तुमच्या गोळ्या,” मी म्हणाले. “सकाळी एक.”

“कुठलं शेत?”

तेही सांगायला नको होतं. सांगितलं. पाटाजवळची शेड.

ती गेली. गोळ्या टेबलावरच.

१६ मार्च, शनिवार

काही नाही. पिपेटा धुतल्या. परत धुतल्या.

१७ मार्च, रविवार

कार्निव्हल. खाली ढोल वाजतायत. शेडमालकाला फोन केला — “आज सुट्टी आहे, मला काय माहीत कोण कुठे!” पलंगाचे दोन दिवस उरले.

१८ मार्च, सोमवार

उपवासाचा पहिला दिवस, सगळं गाव टेकडीवर पतंग उडवतंय. दुपारी हॉस्पिटलमधून नर्सचा फोन.

“स्माराग्दा हारितिदू तुम्हीच पाठवलीत ना? मग दोन का आल्यात? एक डायलिसिसवर आहे. दुसरी माझा दंड सोडत नाही — माझं एक काढा, हिला बसतं का बघा म्हणते. जुळेल का हो?”

चुलत बहिणींचं जुळण्याची शक्यता किती कमी असते, मला नेमकं माहीत आहे.

“तपासून बघा,” मी म्हणाले.